दाणा खोल भरा

३ मार्च

आणि पुन्हा तेच! चोच दिली तो चारा देतो. आज फोनवर आईने हे वाक्य तीनदा ऐकवलं, तिसऱ्यांदा तर डोळे पुसत. डोळे पुसताना तिचा आवाज बदलतो, मला इथून दिसतं. मी म्हटलं, चारा राहू दे बाजूला, त्याने चोच तरी धड दिली का? मग फोन कट झाला. म्हणजे मी केला.

हे भांडण आजचं नाही. सातवीत शाळा सोडली तेव्हा हेच वाक्य, पहिली नोकरी सोडली तेव्हा हेच, दुसरी, तिसरी सोडली तेव्हा हेच. जसं काही वर कुणी बसलंय आणि त्याला आमच्या घराचा पत्ता पाठ आहे. मग बाबा गेले तेव्हा तो काय रजेवर होता?

पण या वेळची गोष्ट निराळी आहे. ताईला मुलगी झाली, त्याला बारा दिवस झाले. वरचा ओठ मधोमध फाटलेला आणि आत टाळूलाही भेग. तिला दूध ओढताच येत नाही. पाजलं की नाकातून बाहेर येतं. आणि ताईला दूध मात्र भरपूर. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. ही म्हणसुद्धा आईनेच शिकवलेली, पण ती तिला सोयीने आठवत नाही.

ओठ शिवणारे मोठे डॉक्टर जूनच्या मध्यात तिकडच्या दवाखान्यात येतात, पैसे घेत नाहीत. अट एकच: बाळ साडेचार किलोचं हवं. त्याखाली भूल देत नाहीत. आमचं बाळ अजून अडीचसुद्धा नाही. जून हुकला तर डॉक्टरांचा पुढचा फेरा थंडीत, आणि तोवर रोज हाच खेळ. एखादा घोट श्वासनळीत गेला की संपलं.

आईशी फोनवर भांडण पुरं होत नाही, म्हणून इथे लिहितोय. वहीला उलट बोलता येत नाही, हा तिचा मोठा गुण.

६ मार्च

गंमत अशी की माझं काम चोची कापण्याचंच आहे. आईला मी 'पोल्ट्रीत आहे' एवढंच सांगितलंय. तिला वाटतं मी अंडी गोळा करतो.

मशीनला एक छोटं भोक असतं आणि त्याच्या मागे लाल झालेलं पातं. आठवड्याचं पिल्लू मुठीत घ्यायचं, अंगठा डोक्याच्या मागे, बोट गळ्याखाली, म्हणजे जीभ आत राहते. चोचीचं टोक भोकात घातलं की पातं खाली येतं. मनात एक-दोन म्हणायचं, तेवढ्यात जखम भाजून बंद होते. मग पिल्लू टोपलीत आणि पुढचं हातात. नखं जळल्यासारखा वास येतो. तो साबणाने जात नाही, जेवताना पहिल्या घासाबरोबर पोटात जातो.

शेजारच्या मशीनवर वस्ताद असतो. म्हातारा, अर्धा बहिरा, बाकीचा अर्धा सोयीचा बहिरा. मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "न कापलं तर काय होईल?"

"एकमेकांना टोचून खातील. एकाला रक्त दिसलं की बाकीचे जेवायला बसतात."

"मग देवाने टोकदार दिलीच कशाला?"

"तुझी-माझी नोकरी चालावी म्हणून. किती बोलतोस रे भिंगरी, हात चालव."

भिंगरी हे माझं इथलं नाव. माझ्या पायाला भिंगरी आहे हे त्यांना मी सांगितलं नव्हतं, त्यांनी ओळखलं. खरंही आहे. मेअखेर मी इथून जाणार. एजंटाने बोटीवरचं काम बघून ठेवलंय. कागदपत्रं, तिकीट सगळं धरून अकरा हजार सहाशे मागतो. बरेचसे जमलेत. बोटीवर निदान वास तरी वेगळा असेल.

शेडची मुकादम एक बाई आहे. तिला आम्ही मागे करवत म्हणतो, पुढे 'बाई'. दिवसभर एकच ओरडते: "दाणा खोल भरा! कापलेल्यांना दाणा खोल भरा!" तिच्या बापाचा दाणा असल्यासारखा.

१२ मार्च

मागून मागून थकलो तेव्हा आज बाळाचा फोटो आला. तोंडावर रुमाल. नुसते डोळे दिसतात. डोळे बाबांचे, म्हणजे जरा वैतागलेले.

मी म्हटलं, रुमाल काढून पाठवा. आई म्हणाली, दृष्ट लागेल. मी म्हटलं, दृष्ट लागण्यासारखं आहे काय त्यात? हे बोलायला नको होतं. ताई शेजारीच होती.

ताईच्या सासूने आता शोध लावलाय. ऑक्टोबरात सूर्यग्रहण झालं, त्या दुपारी ताईने काहीतरी चिरलं असणार. पोटुशीने ग्रहणात चिरलं की पोराचा ओठ चिरतो म्हणे. ताई सांगते, मी पाठीवर पडून होते, हात छातीवर, आणि पहाऱ्याला त्याच बसल्या होत्या. मग चिरलं कुणी?

कुणी ते मला माहीत आहे. त्या दुपारी इथेही अंधारलं होतं. सगळी शेड एकाएकी गप्प झाली. वस्ताद म्हणाला, "बरं झालं, पेंगतायत, उरक पटापट." आणि मी उरकत होतो, टोपल्यांवर टोपल्या. मी सख्खा मामा. सूर्य झाकणाराही चांदोमामाच. वर एक मामा, खाली एक मामा, आणि मध्ये ताईची पोर.

मी हसण्यावारी नेतोय, पण जेवण गेलं नाही. आई म्हणते वरचा पोसणारा आहे. असेल. मला तर तो उट्टं काढणारा दिसतो. मी त्याच्या चोची कापल्या, त्याने आमची फाडली.

१५ मार्च

आज हात हलला. पातं खाली येताना मला वाटलं पिल्लाने माझ्याकडे बघितलं. पिल्लं बघत नाहीत, त्यांना डोळे बाजूला असतात, पण वाटलं. चोच जास्त कापली गेली आणि माझा अंगठा पात्याला लागला. बाईने मनगट धरून हात पाण्याच्या बादलीत कोंबला आणि सगळ्यांसमोर ओरडली, "लक्ष कुठे असतं तुझं? चार दिवस बघतेय, भूत लागल्यासारखा बसतोस! उद्यापासून मशीनवर नको. दाण्यावर जा."

दाण्यावर! दाणा भरायला नवीन माणूस ठेवतात, ज्याला काही येत नाही तो. वर म्हणते, पगार तोच राहील. केवढे उपकार. मी वस्तादाला म्हटलं, माझा अपमान केला. तो म्हणाला, "ऐकू नाही आलं."

१६ मार्च, रविवार

खोली टायरच्या दुकानावर आहे. दुसऱ्या खाटेवरचा मुलगा गेल्या महिन्यात निघून गेला. भिंतीत त्याने शर्ट अडकवायला खिळा मारलेला, तो राहिला. मी माझा शर्ट त्यावर लावत नाही. का ते माहीत नाही.

सकाळी रस्त्याने शेवटच्या चौकापर्यंत गेलो आणि परत आलो. नवरा-बायको भांडत चालले होते, त्यांच्यामागून जरा वेळ चाललो, भांडण चांगलं चाललं होतं. मग दाढी करायला गेलो. दाढी मला घरीही करता येते. पण आठवड्यात मला हात लावणारा माणूस एकच, न्हावी. तो मान इकडे तिकडे वळवतो, कपाळाला हात टेकवतो. आज म्हणाला, "अंगठ्याला काय झालं?" मी इतका वेळ सांगत बसलो की मागचं गिऱ्हाईक खाकरलं.

घरी फोन केला नाही. आईनेही केला नाही. आम्ही दोघं एकाच मातीचे.

२२ मार्च

दाण्यावर आठवडा झाला. खोल का भरायचा ते आज कळलं, बाईला न विचारता.

भांड्यात दाणा पातळ पसरला असला की ताजी कापलेली चोच तळाला आपटते. दुखतं. एकदा दुखलं की ते पिल्लू पुन्हा चोच घालायला धजत नाही. भांड्याशेजारी उभं राहतं, दाण्याकडे बघतं आणि उपाशी राहतं. खोल भरला की चोच दाण्यात बुडते, तळ लागतच नाही. एवढीच गोष्ट. चोच देणारा एक, चारा देणारा एक असं आई म्हणते. पण मध्ये कुणीतरी खोल भरणारा लागतो, त्याचं तिच्या म्हणीत नावच नाही.

लहान पिल्लांच्या शेडमध्ये दिवे साखळीने टांगलेत. ऊब किती आहे ते बघायला भिंतीवर काटा आहे, पण बाई काट्याकडे बघत नाही, जमिनीकडे बघते. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली की गार पडलंय, दिवा खाली घ्या. कडेला पळाली की उष्ण झालंय, वर घ्या. सगळीकडे सारखी पसरून आपल्याच नादात असली की ठीक. मी कडेला पळालेलं पिल्लू आहे. घरी ऊब होतीच, पण इतकी की उबग आला. ऊब आणि उबग, शाळेत ही दोन मी नेहमी चुकवायचो. गुरुजी म्हणायचे, एका 'ग'ने अर्थ फिरतो रे गाढवा. आता इथे 'ग'ही नाही आणि ऊबही नाही.

वस्तादाला विचारलं, "पिल्लांना दिवा म्हणजे आई वाटत असेल ना?"

"वाटत असेल."

"आणि दिव्याला?"

"त्यालाच विचार की. माझं म्हणशील तर बिल कंपनी भरते."

मग मी वरच्या मोठ्या दिव्याचा विचार करत बसलो. जरा खाली असता तर भाजून निघालो असतो, जरा वर असता तर गारठलो असतो. बरोबर उंचीवर टांगलाय. पण कुणी टांगलाय, की तो होताच आणि आपण नेमके त्याच्या खाली पडलो? साखळी काही दिसत नाही.

बाई आज डबा घेऊन आली. म्हणे, "घरी उरलंय, टाकायचंच आहे, खाऊन टाक." मी काय उकिरडा आहे? खाल्लं. आता दर दोन दिवसांनी तिच्या घरी उरतं. उरलेलं रोज गरम कसं असतं ते तिलाच ठाऊक.

१ एप्रिल

आज मन घट्ट करून ताईला सांगितलं.

"ताई, त्या ग्रहणाच्या दुपारी मी पिल्लांच्या चोची कापत होतो."

"मग?"

"मग म्हणजे... मी मामा ना."

पलीकडून हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. बाळंतपणानंतर पहिल्यांदा असं हसली असेल. "अरे येड्या! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटातल्या बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच सांधतो. ग्रहण पाचव्यात होतं. तोवर चिरायला उरलं काय होतं? आणि मामाचं म्हणशील तर दोन्ही मामा लांबचेच. एक वर, एक तिकडे. नुसते बघायला."

"मग दुसऱ्या महिन्यात काय झालं होतं?"

"मीपण तेच विचारलं. त्या म्हणाल्या, काहीच नाही झालं. एखाद्या वेळी सांधायचं राहून जातं."

"राहून जातं म्हणजे?"

"राहून जातं म्हणजे राहून जातं. तू शाळेत जाताना शर्टाचं एक बटण सोडून लावायचास, तसं."

मी सासूबाईंना हे सांग म्हटलं. ती म्हणाली, त्यांच्याशी बोलणं होत नाही सध्या. भाऊजींना तरी सांग म्हटलं, तर म्हणाली ते कामात असतात. बाळाला बघायला आले की सांग, म्हटलं. बरं म्हणाली. बाळाचं नावही अजून ठेवलेलं नाही, भाऊजींना सवड झाली की ठेवणार. मी त्यांना दोनदा फोन केला, त्यांच्याकडे नेटवर्कच धड नाही. माणसाने इतकंही कामात बुडू नये.

डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणून मी चहा प्यायलो. मग लक्षात आलं की बरं वाटत नाहीये. आधी निदान उट्टं काढणारा कुणी होता. वैरी असला तरी त्याला आपलं नाव ठाऊक असतं, शिव्या द्यायला दार असतं. पण 'राहून गेलं'? म्हणजे रागही नाही आणि लोभही नाही. मागे वाकून कुणी बघितलंसुद्धा नाही की बटण राहिलं. इतका एकटा मी या खोलीतही नव्हतो.

१७ एप्रिल

दुपारी वादळ आलं. गार वारा सुटला, पत्रे वाजायला लागले आणि लाइट गेली. शेडमध्ये चार दिवसांची पिल्लं होती. जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला.

दिवे विझले की पिल्लं ओरडत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. आधी सगळी थांबली. मग कोपऱ्यांकडे सरकायला लागली. एकमेकांत घुसायची, वर चढायची, जिथे जरा गरम लागेल तिथे. बघता बघता ढीग झाला. खालची गुदमरतात. बाई ओरडली, "पसरवा! पाय उचलू नका, घासत चला!" आणि स्वतः गुडघ्यांवर बसली. आम्ही सगळे गुडघ्यांवर. दोन्ही हात ढिगात घालायचे, खालून उचलायचे, लांब नेऊन सोडायचे. ती परत तिथेच. पुन्हा उचलायचे. ऊब शोधता शोधताच मरत होती, एकमेकांच्याच अंगाखाली. कुणी मारत नव्हतं. कुणीच काही करत नव्हतं, हाच घोटाळा होता. दिवा नव्हता, एवढंच.

वस्तादाने अंगातला शर्ट काढून कोपऱ्यात अंथरला. मला म्हणाला, "तुझाही काढ, बघतोस काय." बाईचा आवाज बसला, तरी ओरडत होती, नुसतं तोंड हलत होतं. एकदा तिचा हात ढिगात माझ्या हाताला लागला. दोघांचेही हात गरम होते, पिल्लांनी.

दोन तासांनी जनरेटर लागला. टोपलीभर गेली. बाकीची दिव्याखाली पसरली आणि दाणा टिपायला लागली, काही झालंच नाही अशी.

बाहेर येऊन फोन बघितला तर आईचे नऊ मिस्ड कॉल. लावला तर लागत नाही, ताईचाही नाही.

१८ एप्रिल

लागत नाही.

१९ एप्रिल

संध्याकाळी लागला. शेजारच्या काकूंनी उचलला. परवा दुपारी पाजताना दूध फुप्फुसात गेलं, बाळ निळं पडलं. ताई आणि आई तिला घेऊन दवाखान्यात आहेत, नळी लावलीय. आईचा फोन घरीच राहिला. काकू म्हणाल्या, "काळजी करू नकोस, चोच दिली तो चारा देतो." मी त्यांच्यावर ओरडणार होतो. पण आवाज आईसारखा लागला म्हणून पुन्हा म्हणा म्हटलं. त्यांना कळलं नाही. म्हणाल्या, "हॅलो? हॅलो?"

२२ एप्रिल

नळी काढली. जिवंत आहे. जेवढं वजन वाढलं होतं त्यातलं बरंच गेलं. तिथल्या नर्सबाईंनी ताईला पाजायचं नव्याने शिकवलं: बाळाला जवळजवळ उभंच धरायचं, दूध पाजायच्या बोंडल्याची चोच गालाच्या आतून लावायची, थेंब पडला की थांबायचं, तिला गिळू द्यायचं. एका वेळच्या दुधाला पाऊण तास लागतो. उरकेपर्यंत पुढची वेळ होते.

मी म्हटलं, "आमच्याकडेही कापलेल्यांना घाई चालत नाही, दाणा खोल भरावा लागतो."

"माझी पोर कोंबडी आहे होय रे?"

"नाही, म्हणजे..."

"कळलं. सांग, अजून काय करता तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. तरी तिने फोन ठेवला नाही.

६ मे

आज नव्या खेपेत एक पिल्लू वाकड्या चोचीचं निघालं, वरची एकीकडे, खालची दुसरीकडे, कात्रीसारखी. अशी बादलीत टाकतात. वस्तादाने टाकलं आणि पुढे गेला. मी काढलं. फार विचार करून नाही. दाण्याचं भांडं कडेपर्यंत भरलं आणि त्याला तिथे सोडलं. त्याने आधी टोचून बघितलं, दाणा निसटला. पुन्हा निसटला. मग मान तिरकी करून अख्खी चोच दाण्यात खुपसली आणि फावड्यासारखी उचलली. दोन दाणे आत, दहा बाहेर.

बाई मागे उभी होती. मला वाटलं आता करवत चालणार. म्हणाली, "सांडलेलं झाडून घे."

इकडे बाळ तीन किलोच्या वर गेलं. एजंटाचे पैसेही पुरे झाले, अकरा हजार सहाशे, डब्यात ठेवलेत. एकतीसला निघायचं. बाईला सांगितलं. ती म्हणाली, "बोटीवर डबा कोण देणार?" मी म्हटलं, बोटीवर मेस असते. बरं म्हणाली.

९ मे

वाकडं पिल्लू शोधलं. हजारांत ते कुठलं ते ओळखू येईना. सगळी सारखीच, माना खाली घालून खातायत. म्हणजे खात असावं. मेलं असतं तर सकाळी मेलेली गोळा करताना मलाच सापडलं असतं.

आज मला उगाचच शीळ घालावीशी वाटली, आणि घातली.

२३ मे

आज बाळाचं वजन झालं. तीन किलो नऊशे. डॉक्टरांची टीम तीन आठवड्यांनी येणार.

आई सांगत होती: दर आठवड्याला दाखवायला जायचं म्हणजे जाऊन-येऊन आठ तासांची बस. बसमध्ये बाळ सगळं उलटून टाकतं, पाजता येत नाही, आठवड्यात कमावलेलं एका दिवसात जातं. नर्सबाई म्हणतात, दवाखान्याजवळ खोली घेऊन राहा, मी रोज वजन करीन, पाजताना अडलं तर दाखवीन, वजन होईल. नाही राहिलात तर होणार नाही. एवढं स्पष्ट बोलल्या. खोलीवाला तीन महिन्यांचं आगाऊ मागतो.

मी वाट बघत होतो. आता आई म्हणेल, आता म्हणेल. उत्तरही तयार ठेवलं होतं. ती म्हणालीच नाही. मग म्हणाली, "त्याने चोच तरी धड द्यायची होती रे."

माझं वाक्य. माझ्याकडून घेतलेलं. तिच्या तोंडून ऐकलं आणि मी दाण्याच्या पोत्यावर बसलो. मला वाटत होतं की मी इतकी वर्षं त्या म्हणीशी भांडतोय. पण ती तिकडे म्हणत होती म्हणून मी इकडे भांडू शकत होतो. आता तिकडे कुणीच नाही.

"आई, नेहमीचं म्हण ना."

"काय नेहमीचं?"

"चोच दिली तो."

"तोंडातून येत नाही आता. तूच तर हसायचास."

"मग मी म्हणतो. चोच दिली तो..." आणि मलाही पुढचं येईना. पलीकडे ती, इकडे मी, आणि मध्ये ते अर्धं वाक्य. बाहेर बाई कुणा नव्या माणसावर ओरडत होती, खोल भर, खोल, तळ दिसतोय तुझा!

मी म्हटलं, "आई, खोली घे. दवाखान्याला लागून असेल ती. जरा मोठी घे, भाऊजी येतील-जातील, त्यांनाही टेकायला जागा हवी."

ती मध्येच ताईशी काहीतरी कुजबुजली. भाडं वाढेल याची काळजी करत असणार. मग म्हणाली, "आम्हा तिघींना पुरेल एवढी घेते." मी म्हटलं, जशी तुझी मर्जी.

फोन ठेवायच्या आत ताईने फोटो पाठवला. रुमाल नाही. बाळ हसतंय. फाटलेला ओठ हसताना दोन्हीकडे जातो, म्हणून हसू बाकीच्यांपेक्षा जास्त रुंद दिसतं. खाली लिहिलंय: मामाला.

एजंटाला कळवलं की येत नाही. तो चिडला, म्हणाला, "पुढची बोट थंडीत." म्हटलं, चालेल. बाळ आणि मी, दोघांपैकी कुणीतरी एकाने थंडीपर्यंत थांबायचंच होतं.

बाईला सांगायला गेलो. तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "मग उद्या डबा धुऊन आण. आणि तीन नंबरच्या शेडमध्ये जा, तिथे आज कापणी झालीय."

उद्या सकाळी पहिल्यांदा पैसे, मग शेड. पाठवतोय: अकरा हजार सहाशे.